श्रद्धाची तोंडी परीक्षा, कृष्णविवर आणि मी

बिबवेवाडी, पुणे

प्रिय श्रीनिवासभाऊ,

साष्टांग नाही, पण वाकता येईल तेवढा नमस्कार (कंबर अजून धरते). वहिनींच्या पायाचं प्लास्टर निघालं का? त्यांच्या मदतीला मुक्ताला वर्ध्याला तुमच्याकडे धाडलं, त्यामुळे श्रद्धाच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला घरातर्फे मी एकटाच गेलो. फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन हल्ली तुमची बहीणच उचलते.

विषय कृष्णविवरांचा. मला समजला तो असा: कृष्णविवर बाहेरून निवांत दिसतं, पण आतली गुंतागुंत वाढतच जाते, आणि ती कॉम्प्युटरवाल्यांच्या पद्धतीने मोजतात, म्हणजे त्या अवस्थेपर्यंत पोचायला कमीत कमी किती सोप्या पायऱ्या लागतील ते बघून. आपल्या लेकीने त्यात गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलून पाहिला. (नियम बदलायला पुण्यात कोणी परवानगी घेत नाही, हे तुम्ही स्वारगेटच्या चौकात पाहिलंच आहे.) नियम बदलला की गुंतागुंत वाढायचा वेगही बदलतो, असं तिचं म्हणणं.

"बाबा, तुम्ही फक्त बसायचं," असं तिने बजावलं होतं. मी बसलोही. पण बाहेरगावचे परीक्षक चष्मा कपाळावर चढवून एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारू लागले. पोरीचा आवाज घोगरा झाला. मला राहवेना. उभा राहून म्हणालो, "अहो सर, तिला पाणी तरी पिऊ द्या!" सभागृह हसलं. श्रद्धाने माझ्याकडे असं पाहिलं, की जवळपास कृष्णविवर असतं तर मी आपण होऊन उडी घेतली असती. परीक्षकांनी मात्र स्वतःची बाटली पुढे केली. ती पाणी प्यायली, फळ्याकडे वळली आणि सगळं गणित पहिल्यापासून मांडलं. मला एक ओळ कळली नाही, पण परीक्षक मान डोलवू लागले. (मीही डोलवली, साथ द्यायला काय जातं?) "अभिनंदन, डॉक्टर," म्हणून त्यांनी तिच्याशी हात मिळवला, तेव्हा मी नाक शिंकरायला बाहेर गेलो.

वहिनींना जिना चढू देऊ नका.

आपला,
बद्रीनाथ

ता.क. खरं काम राहिलंच. श्रद्धाला पुढच्या संशोधनासाठी दोन वर्षं पोर्तुगालला बोलावलंय. तिने विचारलं आणि मुक्ताला न विचारताच मी "जा" म्हणून बसलो. आता हे तिच्या गळी उतरवायचं तेवढं तुम्ही बघा. रडेल ती.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवणार, तोच मुक्ताचा फोन. तिला महिनाभर सगळं ठाऊक आहे. तुमच्याच घरी बसून लेकीसाठी स्वेटर विणतेय, आणि लोकर तुम्ही आणून दिलीत म्हणे! "तुम्हाला कसं सांगावं, तेच कळत नव्हतं," म्हणाली. मी म्हटलं, "मला काय होतंय?" तेव्हा भाऊ, वरचं काम रद्द. फक्त फोन ठेवल्यावर मी पुन्हा नाक शिंकरायला बाहेर गेलो, हे तिला सांगू नका.