मागचं दार

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे घ्यायला निदान दारापर्यंत तरी उठशील.

पाय मोडलाय, पण घाबरू नकोस. आमच्या लॉन्ड्रीत सगळ्या हॉस्पिटलांच्या चादरी येतात आणि सुपरवायझर म्हणून सगळ्यांत जास्त धावपळ माझी. त्यात मोठ्या हॉस्पिटलनं दम दिला होता, पुन्हा उशीर झाला तर काम बंद. म्हणून आणखी जोरात धावले आणि भरलेल्या ट्रॉलीसकट थेट मालकांवर आदळले. ते चादरींवर पडले, मी फरशीवर.

प्लास्टर घालून कामावर गेले, तर त्यांनी मला कोपऱ्यात खुर्चीत बसवलं. आधी मी तिथूनच ओरडत राहिले. मशिनांच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नव्हतं, आणि माझ्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. हे पचायला जरा जड गेलं. मग काहीच करता येईना, म्हणून नुसती बघत बसले. तेव्हा दिसलं, मळक्या चादरी आत येतात त्याच अरुंद दारातून धुतलेल्या बाहेर जातात. ट्रॉल्या समोरासमोर आल्या की सगळे थांबतात, भांडतात आणि गेलेला वेळ भरून काढायला पुन्हा पळत सुटतात. मागे दुसरं दार आहे, पण त्याला एक बंद पडलेलं मशीन टेकवून ठेवलं होतं. त्यावर आम्ही रोज जेवणाचे डबे ठेवायचो!

मालकांना म्हटलं, काम थांबवा, ते मशीन हलवा. ते म्हणाले, "ताई, मार पायाला लागलाय की डोक्याला? या गर्दीत वेळ कुणाला आहे?" मी म्हटलं, "वेळ नाही म्हणूनच म्हणतेय." वैतागून हो म्हणाले. दुपारभर सगळं बंद, हॉस्पिटलचा फोन खणखणतोय, मालक माझ्याकडे पाठ करून उभे. चुकलं असतं तर सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी चादरी वेळेआधी पोचल्या. तिथल्या मेट्रननं त्या हुंगून पाहिल्या, खरंच धुतल्यात ना म्हणून! काम टिकलं. मालकांना मात्र नवीनच दुखणं लागलंय. दुपारी कामावरच्या बायका निवांत चहा पिताना दिसल्या की त्यांचा जीव कासावीस होतो. काल उगीच खिडक्या पुसायला लावल्या.

आता खरी गोष्ट. मालक दुसरी लॉन्ड्री काढताहेत आणि तिथे आधी काही दिवस फक्त बसून सगळं बघेल असा माणूस त्यांना हवाय. मी तुझं नाव सुचवलं. खरं तेच सांगितलं, की तासन्‌तास बघत बसतो म्हणून याला मागच्या नोकरीवरून काढलंय. ते लगेच म्हणाले, "सोमवारी पाठवा." तेव्हा आता तोंड लपवून घरात बसू नकोस. बाबांना मी काही बोललेले नाही. तुझ्या बसण्याला कुणी पगार देतंय, हे त्यांना तुझ्याच तोंडून कळू दे. आणि त्या वेळी त्यांचा चेहरा कसा झाला, ते मला सविस्तर कळव.

तुझीच,
एका पायावर उभी असलेली ताई