वाघोबानं थांबवलेली गाडी

सोमवार, ३ नोव्हेंबर

गाडीच्या बोनेटवर आज तीन नारळ! वर कुंकू, अक्षता, वायपरला झेंडूची माळ. सुटीनंतर शाळेचा पहिला दिवस आणि मॅडमच उशिरा — का, तर गाडीची पूजा आटपायची होती.

शनिवारी घडलं ते असं. प्रफुल (वहीत तरी नवऱ्याला नावानं लिहिते) आमच्या पुनमला घेऊन जंगलच्या रस्त्यानं येत होता. वाघोबाच्या ठाण्याजवळ, त्या शेंदरी दगडाच्या वळणावर, गाडी आपोआप थांबली म्हणे. ह्यानं ब्रेक दाबलाच नाही. आणि समोरून वाघ गेला! सासूबाई तेव्हापासून दारात येईल त्याला सांगत आहेत, "गाडीले समजते. वाघोबानंच थांबवली, नाई तं पोरगी गेली असती." काल दोन बाया आपली लेकरं घेऊन आल्या आणि त्यांचं डोकं गाडीला टेकवून गेल्या.

मला मात्र शंका येते. अकरा वर्षं मुलांच्या कॉप्या पकडते आहे, सवयच लागली. शनिवारी दुपारी प्रफुलचा वाघ वीस फुटांवर होता. संध्याकाळी दहा. काल नथ्थूभाऊ दूधवाल्याला सांगताना तर वाघाच्या मिशाही दिसल्या होत्या. पुनमला विचारलं, तर ती फ्रॉकचं टोक चघळत बसली. घाबरली असेल बिचारी.

गाडी तशी जुनी. तेरा वर्षांची, पण उंच आणि दणकट. प्रफुलनं जूनमध्ये आणली. मीच ठाम सांगितलं होतं — ह्या रस्त्यानं स्कूटीवर पुनमला पुढे उभी करून मी जाणार नाही, शाळेच्या गावातच खोली करून राहते. आठ दिवसांत गाडी दारात! पुनम माझ्याच शाळेत, दुसरीत. जाताना चौदा किलोमीटर, येताना चौदा. त्यातलं अर्ध्याहून जास्त जंगल.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज माझ्याही हातात थांबली.

शनिवारची सकाळची शाळा. सव्वासातला ठाण्याच्या अलीकडे होते. वेग चाळीस. पाय ॲक्सिलरेटरवर — नक्की! आणि एकदम कुणीतरी मागून खेचावं तशी गाडी दबली. नाक खाली, टायर किंचाळले, पुनमचं डोकं समोरच्या सीटवर आपटलं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि विझला. समोर काय? वाघ नाही, बिबट नाही, साधं माकडही नाही. रिकामा रस्ता.

पुनमच्या कपाळाला टेंगूळ. मी तिला म्हटलं, "काही नाही गं, खड्डा होता." खोटं बोलले.

घरी सांगितलं. सासूबाई हात जोडून, "तुले दिसला नाई, वाघोबाले दिसला!" प्रफुल जेवता जेवता, मान खाली घालून, "तुझा पाय पडला असन ब्रेकवर."

रविवार, ९ नोव्हेंबर

पाय पडला नव्हता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

परत. ह्या वेळी ठाणं दूर होतं, नाल्याच्या पुलावर. म्हणजे वाघोबानं हद्द वाढवली!

बालदिनाची बोरं आणि गूळ-शेंगदाण्याची पिशवी सीटवरून सांडली. बोरं वेचता वेचता ठरवलं, आता नोंद ठेवायची. वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखले — तारीख, ठिकाण, वेग, काट्यावरचे किलोमीटर, दिवा लागला की नाही. दिवा दोन्ही वेळा लागला आहे. वाघोबाला दिवा कशाला लागतो?

गॅरेजचं नाव काढलं. सासूबाई भडकल्या. "वाघोबाची गाडी पान्यानं खोलतेत का? कोप होईन!" मला वाटलं प्रफुल तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो बाहेर जाऊन बैलांना तणीस घालत बसला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज नको ते झालं.

नथ्थूभाऊ मागे होते, मोटरसायकलवर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. नेहमी माझ्या मागेच येतात. "मॅडमची गाडी पुढं असली का वाघाची भीती नाई," म्हणतात. आज गाडी अचानक थांबली आणि ते सरळ मागून आदळले. धाडकन आवाज! उतरून पाहिलं तर रस्त्यावर दूधच दूध आणि नथ्थूभाऊ मनगट धरून बसलेले. हाड मोडलं आहे.

"काऊन थांबवली वं बाई?" एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी पारावर निकाल लागला — बाईच्या हातात एवढी मोठी गाडी द्यायलाच नको होती! वा रे न्याय! प्रफुलच्या हातात थांबली तर वाघोबा, माझ्या हातात थांबली तर बाई ड्रायव्हर. मी चिडून रडले. आणि प्रफुल? तो सगळ्यांच्या मागे, चपलेनं माती उकरत उभा. एकदा म्हणाला असता, माझ्याही हातात अशीच थांबली होती, तर काय बिघडलं असतं?

मागे मोटरसायकल होती म्हणून मनगटावर निभावलं. रेतीचा ट्रक असता तर? पुनम मागच्या सीटवर बसते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पुनमला पुढे घेतलं. बेल्ट लावला. आज थांबली नाही. तरी चौदा किलोमीटर मी आरशात मागेच पाहत होते.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल शाळा सुटल्यावर गाडी घरी ठेवून बसनं धानोऱ्याला, माहेरी, चुलतभावाच्या लग्नाला गेलो — मी आणि पुनम. आत्ताच परतलो.

प्रफुलनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "आज गाडी ब्रह्मपुरीले नेलतो. सुनिलच्या गॅरेजमंधी. त्यानं सारं पाह्यलन. काई नाई गाडीले. आईले मात्र सांगू नको."

चला! ह्याला काळजी आहे तर. उगाच संशय घेते मी.

सोमवार, २४ नोव्हेंबर

उगाच नाही!

शनिवारी गाडी ठेवताना काट्यावर ८७,४१२. माझ्या रकान्यात लिहिलं आहे, निळ्या शाईत. आज सकाळी निघताना — ८७,४१२. ब्रह्मपुरी इथून एकतीस किलोमीटर. जाऊन येऊन बासष्ट. गाडी उडत गेली का?

गाडी अंगणातून हललीच नाही. मग तो खोटं का बोलला? काल दिवसभर होता कुठे? सासूबाईंना विचारायची सोय नाही, कारण "आईले सांगू नको". पक्का बंदोबस्त केला आहे पठ्ठ्यानं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आणखी एक ध्यानात आलं. शनिवारच्या त्या वाघापासून प्रफुल ह्या गाडीत एकदाही बसलेला नाही. शेतात मोटरसायकल. बाजारात मोटरसायकल. "डिझेल वाचते." सासूबाईंना परवा डोळे दाखवायला नेलं, तेही मोटरसायकलवर, एवढ्या थंडीत!

मग मनात जे येऊ नये ते आलं. लिहून टाकते. ह्यानंच काही केलं आहे गाडीला. मला घाबरवायचं. दोन-चार वेळा आपटले की मी आपणहून नोकरी सोडेन, घरी बसेन, धान कापायला एक माणूस वाढेल. लग्नाच्या वेळीच ह्याच्या आत्या म्हणाल्या होत्या, "नोकरीवाली सून कवा ना कवा उडून जाते."

लिहिलं आणि लाज वाटली. पण खोडत नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सकाळी फाटकाशी उभा राहून हात हलवत होता, रोजच्यासारखा. मी काच वर केली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर कुणालाही न सांगता सरळ ब्रह्मपुरी. पुनमला शाळेत खिचडी करणाऱ्या नीलाबाईंकडे ठेवलं. पूर्ण रस्ता तीसच्या वर गेले नाही. बस, जीप, ऑटो, सगळे हॉर्न वाजवत पुढे गेले. वाजवा म्हटलं.

सुनिलनं गाडीवरचं कुंकू पाहिलं आणि हसला. मी आधी एवढंच विचारलं, "गेल्या रविवारी गाडी आली होती ना तुमच्याकडे?"

"नाई जी वहिनी. भाऊ तं जूनपासून इकडं दिसलेच नाई."

मग त्यानं लॅपटॉप जोडला. गाडी जॅकवर उचलली आणि मला खाली वाकायला लावून दाखवलं. मागच्या डाव्या चाकाशी बोटाएवढा सेन्सर. त्याची तार कुरतडलेली, दोन धाग्यांवर लटकलेली. "तणसीच्या ढिगापाशी ठेवता ना गाडी? उंदीर. हा सेन्सर गाडीले खोटंच सांगते का चाक घसरून राह्यलं. मंग गाडी आपल्याच मनानं ब्रेक दाबते. थोडा हिसका बसला का तारेचा जोड सुटते, मंग जुळते."

"कुणी मुद्दाम कापली असेल का?"

त्यानं टॉर्च तारेवर धरला. "वहिनी, हे पाहा दात."

दात खरोखर उंदराचेच. म्हणजे प्रफुलनं काही कापलेलं नाही. सुटल्यासारखं झालं — पाच मिनिटं. मग परत तेच. कापली नाही, तर गॅरेजला नेल्याचं खोटं का?

सेन्सर नागपूरहून येईल, आठवडा लागेल. तोवर त्यानं एक फ्यूज काढून दिला. दिवा पेटलेलाच राहील, पण गाडी फक्त माझ्याच पायानं थांबेल. चाक घसरेल असा एकदम ब्रेक मारू नका म्हणाला. येताना वाघोबाच्या ठाण्यापाशी मुद्दाम पन्नासवर नेली. काही नाही! गाणं म्हणत आले.

घरी कुणाला काही बोलले नाही. फ्यूज ह्याच वहीत, पाकिटात.

सोमवार, १ डिसेंबर

आता पाहायचं — गाडी थांबत नाही हे कळल्यावर कुणाचा चेहरा पडतो.

मंगळवार, २ डिसेंबर

कुणाचाच पडला नाही. प्रफुलनं विचारलं, "आज नाई ना थांबली?" मी "नाही" म्हटलं. त्यानं डोळे मिटून लांब श्वास सोडला आणि पुनमच्या डोक्यावरून हात फिरवला. मला कळेनासं झालं आहे. ह्या माणसाला हवं तरी काय?

बुधवार, ३ डिसेंबर

दुसरीला चित्र दिलं होतं, ‘माझा प्रवास’. तपासायला चित्रं घरी आणली. पुनमचं चित्र — सागाची झाडं, वळण, वाघोबाचा शेंदरी दगड, रस्त्यात आडवी उभी गाडी, आत पप्पा आणि ती. पप्पांचे दोन्ही हात डोक्याला.

"वाघ राहिला गं काढायचा."

"वाघ नव्हता."

मी लाल पेन खाली ठेवला.

"गाडी बिघडली होती. पप्पा रडले थोडे. म्हणाले, असं सांगतलं तं आई तुले घेऊन शाळेच्या गावी राह्यला जाईन. म्हणून वाघ म्हणायचा." मग रबर हातात घेऊन, घाबरून, "काढू का आता वाघ?"

गॅरेजचं खोटंही त्यासाठीच. बिघाड ठाऊक असून महिनाभर तो रोज फाटकाशी उभा राहून आम्हाला हात हलवत होता.

"नको," म्हटलं. "आहे तसंच राहू दे."