संघातून वगळलेलं नाव

चि. वैजयंतीस,

दवानं भिजलेल्या मातीवर तुझ्या कॅनव्हासच्या बुटांचा थपथप आवाज आणि त्या तालावर शाळेतली कविता, हे अजून कानात आहे. मुलींना मी कविता म्हणतच धावायला लावायचो. ओळ मध्येच तुटली, तर समजायचं की वेग जास्त झाला. तुझी ओळ कधी तुटली नाही.

क्रॉस कंट्रीच्या निवडीत तू पहिली आलीस, आणि संघातून मी तुझंच नाव वगळलं. प्रशिक्षकाचीच मुलगी, लोक काय म्हणतील! "घड्याळानं माझं आडनाव विचारलं नव्हतं, बाबा," एवढंच म्हणालीस. पुन्हा धावली नाहीस.

दिल्लीच्या या टोकाहून, मयूर विहारहून, तुझ्या द्वारकेला यायला मेट्रो बदलावीही लागत नाही. तरी तू तिथं राहायला गेल्यापासून सहा वर्षांत तुझ्या दारी यायचा धीर झाला नाही. तुझी माफी कोणत्या शब्दांत मागावी, हे आज तरी

आत्ता बेल वाजली म्हणून थांबलो होतो. दारात तुझी अक्षया, एकटीच, पळायचे बूट घालून.

"आजोबा, सॅटरडेला स्कूलच्या ट्रायल्स आहेत. मम्मी बोलली, प्रॅक्टिस आजोबांकडेच कर. ते घरच्यांना एक सेकंद पण फुकट देत नाहीत."

पत्र इथंच ठेवतो. ती खाली जाऊन उभी आहे.

तुझा,
बाबा