मैनुद्दीनने काठी कोणती घ्यावी

शुक्रवार पेठ, सोलापूर

प्रिय मैनुद्दीन,

गुरुसिद्धप्पाचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही एकदमच पोचोत. कुठला आधी लिहावा या विचारात पेनातली शाई वाळायला लागली होती. तुझी तब्येत कशी आहे असं रीतसर विचारतो, पण तू 'ठीक' एवढंच कळवणार हे माहीत असल्यामुळे तोच प्रश्न तुझ्या लेकीलाही फोनवर विचारून ठेवला आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत. काशम्माचं बीपी गोळीने खाली येतं आणि माझ्यामुळे वर जातं. (हे तिचं म्हणणं. डॉक्टरांनीही मान डोलावली, पण ते तिच्या माहेरच्या गावचे आहेत.) फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर बाबा, व्हिडिओ कॉलवर मला तुझं फक्त कपाळ दिसतं आणि तुला माझं, काशम्मा म्हणते, फक्त नाक दिसतं. कपाळाने नाकाशी बोलून बोलून किती बोलायचं?

आता मूळ विषय. गुलनाजने मला सगळं सांगितलं. तू पहाटे उठून तिच्या घराजवळच्या समुद्रावर जातोस, लाटांत उभं राहून मासे धरणाऱ्या गोऱ्या लोकांच्या मागे हात पाठीशी बांधून उभा राहतोस आणि ऊन चढल्यावर परत येतोस. कुणाशी बोलत नाहीस. घरातही नाही. आणि एके दिवशी जेवताना एकदम म्हणालास, "मेरेकू बी एक काठी होना." पोरीने हे सांगताना फोनवर नाक ओढलं. म्हणाली, काका, अम्मी गेल्यापासून अब्बांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. जावई तुला लगेच दुकानात घेऊन गेला. तिथल्या माणसाने विचारलं, काठी किती फुटांची, शिसं किती वजनाचं फेकणार, रीळ कुठल्या जातीचं, दोरा विणलेला की साधा, वाळूवर उभे राहणार की खडकावर. आणि घड्याळाचा साधा पट्टा बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला याच्या दुप्पट प्रश्न विचारून घाम फोडणारा तू, रिकाम्या हाताने बाहेर आलास. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर तुझा निरोप आला: "गुर्‍या, कौनसी लेना?" बास, एवढाच. पण मैनुद्दीन, तू 'गुर्‍या' म्हणालास. सायराभाभी गेल्या त्या दिवसापासून तू मला 'गुरुसिद्धप्पा' म्हणायला लागला होतास, आणि मला दर वेळी बँकेतून फोन आल्यासारखं वाटायचं.

तेव्हा हा प्रश्न मी मनावर घेतला. आपण दोघांनी हिप्परग्याच्या तळ्यावर कितीतरी रविवार बांबूच्या काठ्या धरून काढले हे खरं, पण तिथे लाटा नव्हत्या, आणि त्या मानाने मासेही नव्हते. शिवाय मी पडलो लिंगायत. माझ्या गळाला लागलेला मासाही तुझ्याच पिशवीतून घरी जायचा आणि मी लिंबाने हात धुऊन, कॉलेजच्या मित्राकडे गेलो होतो असं तोंड करून, घरी यायचो. त्यामुळे मासा पाण्याबाहेर आल्यानंतरचं मला काही कळत नाही. त्याआधीचं मात्र कळतं असा माझा समज होता. तो घेऊन मी नवी पेठेत गेलो. पहिल्या दुकानात मला मणी ओवायचा नायलॉनचा दोरा दिला. दुसऱ्यात पडद्याचा रॉड. तिसऱ्या दुकानदाराला मी सविस्तर सांगितलं, की समुद्राच्या लाटांत उभं राहून पट्टेवाला बास नावाचा मासा धरायचाय, अंगावर पायजम्याच्या कापडासारखे पट्टे असतात, वजन लहान पोराएवढं भरतं, त्याला लागणारी काठी दाखवा. तो म्हणाला, "सर, समुद्र कुठं आहे?" मी म्हणालो, अमेरिकेत. त्याने मला स्टुलावर बसवलं आणि थंड पाणी दिलं. माणूस चांगला आहे.

शेवटी टेंभुर्णीचा जोतिराम आठवला. तोच, हायवेवर टायरचं दुकान असलेला, ज्याच्या घड्याळाला तू तीनदा काच बसवलीस. त्याचा मेव्हणा कोकणात बोटीवर कामाला होता, तो समुद्रावरच्या दोन काठ्या आणि दोन रिळं त्याच्याकडे टाकून दुबईला गेला आहे. मी एसटीने टेंभुर्णी गाठली. उजनी धरणावरच्या मासेमारीच्या ठेकेदाराशी जोतिरामची ओळख आहे, त्यामुळे आम्ही राजरोस काठावर जाऊन उभे राहिलो. मी सरळ लांब काठी उचलली. बारा फूट, मैनुद्दीन. माणसाने लांब फेकायचं तर लांब काठी, असं माझं गणित. तिला जोडलेलं रीळ होतं गोल, म्हणजे ज्यात दोऱ्यासकट अख्खी चकती गरगर फिरते ते. ते फिरताना अंगठ्याने दाबून आवरावं लागतं, हे जोतिराम सांगत होता तेव्हा मी फेकूनही झालो होतो. शिसं गेलं चार हात, आणि चकती फिरतच राहिली. क्षणात रिळावर सुगरणीचं घरटं तयार झालं. आम्ही झाडाखाली बसून तो गुंता सोडवला. ऊन कललं तेव्हा जोतिराम म्हणाला, "मास्तर, ह्ये रीळ शिकल्याल्या मानसाचं न्हाय. ह्ये सवयीच्या मानसाचं हाय." (मी कॉलेजात कारकून होतो, तरी तो मला मास्तर म्हणतो. मी दुरुस्त करत नाही.)

गुंता सुटला, तर काठीचा सांधा अडकला. दोघांनी दोन टोकं धरून ओढली, पिळली, तेल घातलं. निघेना. एवढी लांब काठी एसटीत कशी न्यायची? तेव्हा सोलापूरला कडबा घेऊन निघालेल्या एका टेम्पोवर ती आडवी बांधली, टोकाला लाल फडकं लावलं, आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो. पेठेत उतरलो तेव्हा पोरांनी विचारलं, काका, झेंडा कुठला लावताय?

मला फेकण्याचा सराव करायचा होता, म्हणून सकाळी गच्चीवर चढलो. गळ लावला नव्हता, नुसतं शिसं; एवढी अक्कल होती. काठी मागे नेली, अंगातलं सगळं बळ काढून पुढे झटकली, आणि शिसं आपल्या शेजारणीच्या, बसव्वाच्या गच्चीवरच्या डिशला तीन वेढे घालून बसलं. मी ओढायला लागलो तशी डिश हळूहळू माझ्याकडे तोंड करून वळली. खाली बसव्वाचा टीव्ही बंद पडला, आणि तिने मारलेली हाक ऐकून काशम्मा वर आली.

"याकरी, हे काय चाललंय?" असं कानडीत सुरू करून ती थांबली. माझा खांदा भरून आला होता आणि मी तो दुसऱ्या हाताने धरून उभा होतो. मग मी तिला सगळं सांगितलं. तुझा निरोप, गुलनाजचा फोन, टेंभुर्णी. ती टाकीच्या कठड्यावर बसली. काठी मागितली, दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"ही तुम्हालाच पेलत नाही," ती म्हणाली. "मैनुद्दीनभावजींच्या छातीला ऑपरेशनचे टाके आहेत."

मैनुद्दीन, मी इतके दिवस मासा किती मोठा, लाट किती मोठी, शिसं किती जड याचाच विचार करत होतो. काठी धरणाऱ्याचा विचार बायकोने केला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. तेवढ्यात बसव्वा जिन्यावर आली, त्यामुळे ते लांबलं नाही.

पुढच्या खेपेला काशम्मा म्हणाली, मी येते. मला आश्चर्य वाटलं, पण विचारायची हिंमत झाली नाही. मोठी काठी टेम्पोनेच परत पाठवली आणि उजनीवर या वेळी जोतिरामची दुसरी काठी घेतली. दहा फुटांची, कार्बनची, हातात धरली तर छत्रीएवढी हलकी. रीळही दुसऱ्या जातीचं, ज्यात चकती जागची हलत नाही आणि दोरा आपला आपण सुटत जातो. फेकलं आणि शिसं लांब जाऊन पडलं. न गुंतता. मी खूश होऊन काठी काशम्माच्या हातात दिली आणि थर्मासमधून चहा ओतायला वाकलो. तेवढ्यात काठीचं टोक पाण्याकडे झुकलं.

मी म्हणालो, सोड. तिने सोडली नाही. जन्मात अंड्याला हात न लावलेली माझी बायको, पदर खोचून, पाय रोवून उभी राहिली. रीळ कर्र आवाज करून दोरा देत होतं. जोतिराम शेजारी उभा राहून हळू आवाजात सांगत होता, "काकू, वडू नगा. पळू द्या त्येला. दमला की यील." ती ऐकत होती. माझं असं तिने कधी ऐकलेलं नाही. मासा पळायचा तेव्हा ती थांबायची, तो थांबला की हँडल फिरवायची. शेवटी काठाशी आला तो चांगला हातभर लांब कटला.

आणि मग आम्ही तिघं त्या माशाभोवती उभे राहिलो. मी हा असा. काशम्मा ती तशी. जोतिरामच्या गळ्यात तुळशीची माळ. तिघांत एक खाणारा नाही. जोतिराम म्हणाला, "आता ह्यो कुनाला द्यायचा?" ठेकेदाराच्या माणसाला देता आला असता, रस्त्यावरच्या ढाब्याला देता आला असता. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तुझी ती मासे न्यायची निळी पिशवी आली. काशम्माने गळ काढवून घेतला, मासा दोन्ही हातांत धरला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडला. साडी भिजली. मासा थोडा वेळ तिच्या हाताशी तसाच थांबला आणि मग गेला.

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. मोहोळच्या पुढे आल्यावर म्हणाली, "सायराबानू दर रविवारी संध्याकाळी मला फोन करायची." मी म्हणालो, कशाबद्दल? "आज काय मिळालं ते सांगायला. भाबी, आजका बडावाला तुमारे घरवालेने पकड्या, असं सांगायची. मग तो कसा शिजवला तेही सांगायची. मसाला काय घातला, भावजी काय म्हणाले. मी ऐकायची." मी तुला सांगतो, इतकी वर्षं मी लिंबाने हात धूत होतो. मी विचारलं, मग मला बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तुम्हाला लपवायला आवडत होतं. आणि मला ऐकायला आवडत होतं." मग म्हणाली, "आता रविवारी फोन वाजत नाही."

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. दहा फुटांच्या वर जाऊ नकोस, शेजारचा गोरा कितीही लांब काठी घेऊन उभा असला तरी. कार्बनची, हलकी, दोन तुकड्यांत सुटणारी घे, म्हणजे जावयाच्या गाडीत मावेल. रीळ दोरा आपोआप सुटणारं, मध्यम आकाराचं, आत वाळू आणि खारं पाणी शिरू नये म्हणून बंद केलेलं. दोरा विणलेला, बारीक. तो लांब जातो. त्याच्या पुढे हातभर जाड नायलॉन बांध, नाहीतर खडकावर कापला जाईल. मासा ओढायला लागला तर रिळाला दोरा देऊ दे, तू छातीने ओढू नकोस. घरी आल्यावर सगळं साध्या पाण्याने धू. आणि रीळ आतून कसं आहे हे बघायला उघडू नकोस. (तू उघडणार आहेस, मला माहीत आहे. निदान स्प्रिंग कुठे उडाली ते बघून ठेव.) लाट मोठी असेल तेव्हा जड शिसं बांधण्यापेक्षा वाळूवर बसून राहा. जावई सांगतो, तिथे मासा मापून घ्यावा लागतो आणि बहुतेक परतच सोडावा लागतो. तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नकोस. सोडायलाही बरं वाटतं, हे आता आमच्या घरातल्या माणसाने करून पाहिलेलं आहे.

इकडचं विचारशील तर, इकडे आता काही राहिलेलं नाही. पेठेतला रस्ता उकरून ठेवला आहे. हिप्परग्याचं तळं आटलं. ऊन असं आहे की तुझ्यासारख्याला सोसणार नाही. तू तिथेच लेकीपाशी राहा, समुद्रावर जा, सुखात राहा. काशम्माचा नमस्कार. गुलनाजला, जावयाला आशीर्वाद.

तुझा,
गुर्‍या

ता. क. खोटं लिहून पत्र पोस्टात टाकणं जमेना, म्हणून सांगतो. वरचा शेवटचा परिच्छेद गुलनाजने लिहायला सांगितला. काठी मागितलीस तेव्हापासून तू रोज तुझ्या इथल्या घराची किल्लीही मागतोस, एकट्याने सोलापूरला परत जाऊन राहीन म्हणतोस, आणि डॉक्टर नको म्हणतात. पोर घाबरली आहे. म्हणाली, काका, तिथं काही उरलं नाही असं लिहा, तुमचं ऐकतील. तिचं बरोबर आहे. एकटा राहायला येऊ नकोस.

ता. क. २. रस्ता खरंच उकरलेला आहे. तळं मात्र यंदा काठोकाठ भरलंय.

ता. क. ३. जोतिराम सांगत होता, चार तुकड्यांत सुटणारीही काठी मिळते म्हणे, सूटकेसमध्ये मावते. आमची खालची खोली काशम्माने तुझ्यासाठी झाडून घेतली आहे, जिना चढावा लागणार नाही. फक्त थंडीचे दिवस, मग परत लेकीकडे. तेव्हा आधी डॉक्टरांना विचार, मग गुलनाजला विचार, आणि दोघं हो म्हणाले तर दुकानदाराला विचार. दोन तुकड्यांची तोपर्यंत घेऊ नकोस.