मोज्याच्या आतली हळद

प्रिय सोमेश्वर,

परवा फोन ठेवला आणि लक्षात आलं, विचारायचं होतं तेवढं सोडून बाकी सगळं विचारलं. हळद शिजवायला कुकर मिळाला का, तुझ्या बायकोची, पुनमची, पाठ कशी आहे, गावात, हट्ट्याला, पाणी कधी येतं. मध्येच तू म्हणालास, "अक्का, तू बोलून राहिली का रडून राहिली?" मी म्हटलं, सर्दी झालीय. सर्दी नव्हती.

तू चारचौघांत माझी ओळख करून देतोस, "ही आमची अक्का. पुण्यात दिवसभर रबर टोचती अन् पगार घेती." बरोबरच आहे ते. आमच्या यंत्राला डोळ्यांना न दिसणारी बारीक सुई असते. ती सिलिकॉनवर अलगद दाबायची आणि उचलायची. किती दबलं त्यावरून मऊपणा कळतो, आणि सुटताना त्यानं सुईला किती ओढून धरलं त्यावरून चिकटपणा. कृत्रिम पायाच्या आत, तुझ्या तुटलेल्या पायावर चढवायच्या मोज्यासाठी मी सगळ्यात मऊ सिलिकॉन निवडलं. नडगीच्या हाडाला टोचू नये म्हणून. सुई उचलताना ते सोडायलाच तयार नव्हतं. मला आनंद झाला. वाटलं, आता कृत्रिम पाय चालता चालता निसटणार नाही. हेच ओढणं रोज संध्याकाळी, घामेजलेल्या कातडीवर, मोजा काढताना होणार, हे मला कळायला हवं होतं. माझं कामच ते आहे.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तो मोजा मी तुझ्या हातात दिला. तू म्हणालास, "उलटीच रीत झाली की! ओवाळणी भावानं घालायची असती." सगळे हसले. बहिणीनं पाटावर बसवून दिलेली वस्तू टोचते, सोलते, असं कोणता भाऊ सांगेल? त्यावर मी आणखी कमाल केली. महिन्याभरानं आमच्या प्रयोगशाळेच्या सरांसमोर बसून, फोनचा स्पीकर लावून तुला विचारलं, "काही त्रास?" तू म्हणालास, "न्हाई न्हाई, एकदम बराबर हाय. तकलीफ काहीच न्हाई." सर माझ्याकडे बघून हसले. मी लगेच अहवालात लिहिलं, वापरणाऱ्याची तक्रार नाही. मी तुला जाणून घ्यायला विचारलं नव्हतं रे. सरांना ऐकवायला विचारलं होतं.

गेल्या आठवड्यात तो मोजा तपासायला परत आला. आतून उलटा केला तर नडगीच्या जागी तळहाताएवढा पिवळा डाग. आमची राणी, प्रयोगशाळेतली, म्हणाली, "मॅडम, हळदीच्या गावातून आलाय, धूळ गेली असेल." पण धूळ गेली असती तर वरच्या काठाशी दिसली असती. ही आतून लागलेली होती, दाबून भरल्यासारखी. सुई त्या डागावर नेली तर कुठे पटकन सुटायची, कुठे ओढत राहायची. सिलिकॉनला तुझ्या कातडीचे पापुद्रे चिकटले होते. लहानपणी गुडघा फुटला की आई हळदीची चिमूट दाबायची आणि तू ओठ मिटून बसायचास. तसाच बसत असशील, रोज.

अहवाल मी मागे घेतला. पुढच्या महिन्यात हिंगोलीच्या शिबिरात चाळीस जणांना हेच मोजे मिळणार होते. सर म्हणाले, "एका डागावरून?" मी म्हटलं, "हो." ते अजून बोलत नाहीत माझ्याशी. असू दे.

पण तसलाच दुसरा मोजा मी तुला आधीच पाठवून ठेवलाय, आणि आत्ता, हळदीच्या हंगामाच्या गर्दीत, तो तुझ्या पायात आहे. परवा फोनवर तेच सांगायचं होतं. तू "काहून काढू? बराबर हाय" म्हणाला असतास, आणि मला ते खरं मानायला आवडलं असतं. म्हणून लिहितेय. हे वाचून होताच तो काढ. कुबडी घेतलेलं लोकांनी पाहिलेलं तुला चालत नाही, ठाऊक आहे. तरी घे. शनिवारी मी येतेय. हळद पॉलिश करायच्या ड्रमात तुझा पाय गेला त्याला चार वर्षं झाली. इथं सुईच्या टोकाएवढी जागा मी तास तास न्याहाळते, आणि तुझा तो पाय एकदाही उघडा पाहिलेला नाही. पाहवणार नाही, असं वाटायचं. तू मला काही सांगू नकोस, मी काही विचारणार नाही. फक्त ओसरीवर बस आणि पाय माझ्या मांडीवर ठेव.

येतेच.

तुझीच,
अक्का