शाईतली वलयं

३ मार्च

एकाच थेंबातल्या पांढऱ्या पेशी इतक्या लहानमोठ्या असतात का? मला सांगता येत नाही. पुस्तकात तरी नसतात.

सुंदराबाईंच्या पोटातलं पाणी पुन्हा तपासायला आलंय. लोणी काळभोरच्या बाई, लिव्हर खराब, वर कित्येक महिने स्टेरॉइड – अंगात प्रतिकारशक्ती उरलेलीच नाही. दहा दिवसांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये नव्वद टक्के लिंफोसाइट, म्हणजे टीबीत वाढतात त्या गोल पांढऱ्या पेशी, म्हणून टीबीची औषधं सुरू झाली. ताप तसाच. डोळे मात्र पिवळे पडायला लागलेत; त्या गोळ्या लिव्हरला झेपत नसणार.

आज एका गोल पेशीला छोटासा कोंब दिसला. पेशीला कोंब!

४ मार्च

आमच्या लॅबच्या प्रमुख हेमा मॅडमना दाखवलं. "कचरा असेल. स्लाइड धुवायला शीक आधी."

"बुरशी असली तर? तिला असे कोंब फुटतात."

"मग काळ्या शाईत बघ. बाटली सुकलीय, तेवढी आण."

सुट्टी झाल्यावर बुधवार पेठेत गेले. दुकानदार म्हणाले, "ड्रॉइंगची शाई? काय काढणार?"

"काढायचं नाही. पोटातलं पाणी तपासायचंय."

"मग डॉक्टर गाठा. इथे स्टेशनरी मिळते."

५ मार्च

दिसली! सगळीकडे काळोख आणि प्रत्येक गोलाभोवती स्वच्छ, पांढरं वलय. क्रिप्टोकॉकस! कबुतरांच्या विष्ठेत सापडणारी बुरशी. मेंदूत जाते एवढंच वाचलं होतं. ही पोटात कशी पोहोचली? रक्तातून? अजून वाचायला हवं.

मॅडम मायक्रोस्कोपवरून डोळा काढेचनात. मग म्हणाल्या, "शौनक सरांना फोन लाव." सुंदराबाई त्यांच्याच पेशंट; सरांनी टीबीच्या गोळ्या लगेच थांबवल्या.

निघताना मॅडम हळूच बोलल्या, "नवा रिपोर्ट दिलास, छान झालं. जुन्याचा विषय काढू नकोस. या महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय."

६ मार्च

पप्पा शेजारच्या साईनाथकाकांना सांगत होते, "आमच्या घरातली पहिली बीएस्सी! हिची सही बघितल्याशिवाय डॉक्टर औषध देत नाहीत."

जेवण गेलं नाही.

७ मार्च

बुरशीवरचं औषध चालू आहे. ताप थोडा उतरलाय. डोळे अजून पिवळेच.

८ मार्च

जुन्या रिपोर्टवरची सहीही माझीच. कोंब तेव्हाही असणार. मी गोल दिसलं की लिंफोसाइट म्हणून मोजत गेले. आज सकाळी शौनक सरांना हे तोंडावर सांगितलं आणि जुन्या रिपोर्टची दुरुस्ती लेखी देऊन आले. खाली पूर्ण नाव लिहिलं – निकिता भीमराव ओव्हाळ.