अक्कम्मा काय म्हणाली

सोलापूर,
दि. ११ मार्च २०२५

ती. गोजरआत्यास,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

डाळिंबं पोचली. खोलीतल्या पोरींनी दोन दिवसांत फडशा पाडला, मला दोनच मिळाली. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

गेल्या मंगळवारी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनमध्ये सापडून एक कामगार गेला. बसवेश नाव, सव्वीस वर्षांचा, अक्कलकोटकडचा. पेपरतर्फे बातमीला मी गेले होते. दवाखान्याच्या दारात त्याची आई, अक्कम्मा, कानडीत बोलत होती. मला कानडी येत नाही. मी मोबाइलवर तिच्या बोलण्याचा व्हिडिओ घेतला आणि ऑफिसला पाठवून दिला. तिथं बातम्या लिहिणाऱ्या अथर्वनं त्यातला ‘कुडी’ एवढाच शब्द ओळखला. कुडी म्हणजे पिणं. झालं, त्यानं बातमी केली, की मुलगा पिऊन कामावर गेल्याची आईची कबुली. वर नाव माझं.

दुसऱ्या दिवशी आमचे शिपाई शिवपुत्रमामा चहा वाटत होते. तो व्हिडिओ कानावर पडला तसे ते जागीच थांबले. ती म्हणत होती, नीर सैत कुडिदिल्ल. म्हणजे पोरगा पाणीसुद्धा प्यायला नव्हता. एक पाळी संपल्यावर त्याला तसाच दुसऱ्या पाळीला उभा केला होता. मामांची मायबोली कानडी. अठरा वर्षं ते आमच्यात वावरतात, पण त्यांना विचारावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

मी संपादकांकडे, कमलाकर सरांकडे धावले. ते म्हणाले, खुलासा छापला तर पेपरची पत जाते. कारखानावाले मात्र तेच कात्रण घेऊन कामगार खात्याच्या चौकशीला गेलेत, की बघा, आईच सांगते. आणि सरांना घाई कशाची, तर महिनाअखेरीला निघणाऱ्या ‘बहुरंगी सोलापूर’ पुरवणीची. तेलुगू विणकर, कानडी शेतकरी, उर्दू शायर, सगळ्यांना सामावून घ्यायचंय म्हणे. फोटोत. शिवपुत्रमामांना पटका बांधून उभं केलं. मला नऊवारी नेसवून लई भारी म्हणायला लावलं. एरवी माझ्या बातमीच्या व्हिडिओवर ऑफिसातल्या उर्वीचा आवाज लावतात, माझ्या तोंडात हाय-न्हाय येतं म्हणून.

आत्या, मला या सगळ्याची शिसारी आलीय. तिथल्या ग्लासानं पाणी प्यायलाही नको वाटतं. सोडून माढ्याला घरी जाऊ का? सांग.

तुझी,
अपेक्षा

सांगोला,
दि. १७ मार्च

चि. अपेक्षास,
आत्याचे लई लई आशीर्वाद.

कागद पोचला. शेजारच्या आरोहीकडनं वाचून घेतला, मग सोता एकदा अक्षर लावून वाचला. हितं टँकर चार दिसाआड येतोय. पांढरी शेळी व्याली, दोन करडं हायेत, दोनी तुज्यावानी हट्टी.

तुला शिसारी आली म्हनतीस. येऊ दे की. पर ती माज्याजवळ वकून काय उपेग? तुला कानडी कळत न्हाई हे तुला ठावं हुतं. मग त्या बाईच्या तोंडाम्होरं मोबाइल धरलास आन ती काय म्हनती हे कुनाला इचारलं न्हाईस. तुजा सायेब वंगाळ हाय, व्हय. पर त्या बातमीवर नाव तुजं हाय. वाईट वाटलं तर वाटू दे, खोटं बोलत न्हाई.

लिंगायताचं घर, दारूला शिवायचं न्हाई. लेकरू गेलं ते गेलं, वर दारूचा डाग लागला. त्या माउलीला गावात कसं वाटत आसंल? आदी तिच्या दारात जा. माढा कुटं पळून चाललंय? मागनं जा.

पोटाला खात जा. तुजी काळजी हाय म्हनून तोंड सोडलं.

आत्या

सोलापूर,
दि. ३१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग रडले, आणि २३ तारखेच्या रविवारी शिवपुत्रमामांना घेऊन एसटीनं अक्कम्माच्या गावी गेले. स्टँडसमोरच्या पानटपरीवर आमचीच बातमी चिकटवलेली होती, माझ्या नावासकट. तिच्या दिरानं, चनबसप्पांनी, उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बरोबरच केलं. आम्ही उन्हात उभे राहिलो.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. मी माझी चूक सांगितली, मामांनी ती कानडीत सांगितली. ती रडली नाही, मला बसही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, की मी काय बोलले होते ते आता तू तुझ्या तोंडानं बोल. मी ते कानडी वाक्य बोलले. चुकलं. तिनं परत म्हणायला लावलं. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. घसा कोरडा पडेपर्यंत म्हणत राहिले, तेव्हा कुठं तिनं मान हलवली. मग आम्हाला तांब्याभर पाणी दिलं आणि ती बोलायला लागली.

तिला विचारूनच मी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ केला. आधी तिचं पूर्ण वाक्य, मग त्याचा अर्थ, आणि चूक माझी हाय, हे माझ्या आवाजात, माझ्या बोलीत. संध्याकाळपर्यंत तो अक्कलकोटपासून चिंचोळीपर्यंत फिरला. तेव्हा कुठं पेपरनं आतल्या पानावर तीन ओळींचा खुलासा छापला.

आणि खुलासा आला त्याच दुपारी कमलाकर सरांनी मला बोलावून काय सांगावं? अक्कम्माला पुरवणीच्या समारंभाला आणा, शाल देऊ, मातृभाषेचा गौरव होईल, फोटो चांगला येईल. आत्या, मी हे तिला सांगायला गेले नाही. मामांनी निरोप पोचवला. तिनं उलट कळवलं, की माझं पोरगं मेलं तेव्हा ज्यांना माझी भाषा कळली नाही, त्यांच्या शालीची ऊब मला नको. समारंभ झाला. मामा आणि मी, दोघंही गेलो नाही. आता मला बातमीवरून काढून छोट्या जाहिरातींना बसवलंय. दुसरीकडे काम शोधतेय. मिळेपर्यंत इथंच राहणार.

शुक्रवारी कामगार खात्याचे अधिकारी अक्कम्माच्या घरी येऊन तिचा जबाब घेऊन गेले. दुभाषी म्हणून तिनं शिवपुत्रमामांनाच मागितलं, मलाही बसू दिलं. सक्तीची दुसरी पाळी, मशीनचं काढून ठेवलेलं झाकण, सगळं लिहिलं गेलं. मामांनी तो जबाब तिला कानडीत वाचून दाखवला. मध्येच तिनं हात वर केला. जबाबात जागोजाग ‘मयत कामगार’ असं लिहिलं होतं. तिनं विचारलं, हा कोण? अधिकाऱ्यांनी समजावलं, की लिहिण्याची पद्धत असते. ती ऐकेना. शेवटी त्यांनी एकेक ठिकाणी खोडून बसवेश लिहिलं आणि प्रत्येक खाडाखोडीपाशी आपली सही केली. ती वाकून मोजत होती. सगळ्या झाल्यावर तिनं अंगठा पुढं केला.

माझ्यावर रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
अपेक्षा